काच उचलायचे पैसे कोण देणार?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही सहा मित्रमैत्रिणी नाशिकमध्ये ना-नफा संस्था काढताय. गंगापूर धरणाच्या बाजूच्या दोन वायनरी, तीन रिसॉर्ट आणि कॉलेज रोडवरची काही हॉटेलं रिकाम्या बाटल्या फुकट द्यायला तयार आहेत. देणग्यांतून सहा लाख रुपये जमलेत. आता आधी गाडी घ्यावी की काच फोडायचा क्रशर, आणि क्रशर घ्यायचा तर कोणता, हे तुम्हाला हवंय.

बाटल्यांच्या कारखान्यात मी नऊ वर्षं क्वालिटी कंट्रोलला होते. त्यानंतर गेली बारा वर्षं याच जिल्ह्यात हॉटेलं आणि वायनरींकडून काच उचलायचं काम करतेय. क्रशरबद्दल सांगतेच, पण तुमच्या प्रश्नातल्या 'फुकट द्यायला तयार आहेत' या शब्दांशी मी अडखळले. ते तुम्हाला काहीतरी देताहेत असं तुम्ही धरून चाललाय. खरं पाहता मागच्या दारी साचलेली एक अडचण ते तुमच्या गळ्यात घालताहेत, तीही विनामूल्य. काच जड असते, स्वस्त असते आणि हाताळायला वाईट असते. तिला उचलून नेण्याचा खर्च तिच्या किमतीपेक्षा जास्त येतो. म्हणून पहिला प्रश्न 'हा फरक कोण भरणार' हाच. त्याचं उत्तर ठरेपर्यंत गाडीही घेऊ नका आणि क्रशरही.

आकड्यांत सांगते. हे आमच्या फेऱ्यांचे आकडे आहेत, तुमचे थोडे इकडेतिकडे होतील. वाइनची साधी ७५० मिलिची रिकामी बाटली ४०० ते ५५० ग्रॅम भरते. स्पार्कलिंगची आणखी जाड, कारण आत दाब असतो. आम्ही टोमॅटोचे प्लास्टिक क्रेट वापरतो. एका क्रेटमध्ये आडव्या २५ ते २८ बाटल्या बसतात, म्हणजे १३-१४ किलो. छोट्या हत्तीत, म्हणजे टाटाच्या छोट्या मालगाडीत, तीन थर लावले की ४५ क्रेट होतात. झाली सहाशे किलो काच, वर क्रेटचं वजन वेगळं. गाडीची क्षमता तिथेच संपत येते.

रंगानुसार निवडलेल्या काचेला आम्हाला सरासरी किलोला अडीच रुपये मिळतात. दिवसाला दोन फेऱ्या धरा: बाराशे किलो, तीन हजार रुपये. त्याच दिवसाचं गाडी, डिझेल आणि ड्रायव्हर मिळून बावीसशे, दोन मदतनीसांचे चौदाशे. म्हणजे काच यार्डात येईपर्यंतच सहाशे रुपये खिशातून गेले. अजून निवडणाऱ्या बायकांची मजुरी द्यायचीय, जागेचं भाडं द्यायचंय, आणि माल कारखान्यापर्यंत न्यायचा तर किलोला ऐंशी पैसे ट्रकभाडं. जितकी जास्त काच गोळा कराल तितकं जास्त नुकसान. भंगारवाला पुठ्ठा, कॅन, पाण्याच्या बाटल्या आनंदाने नेतो आणि काचेच्या ढिगाकडे ढुंकून बघत नाही, त्यामागे हाच हिशेब आहे. त्याला तो तोंडपाठ असतो. आपल्याला तो वर्षभर तोटा सोसून कळतो. मला दीड वर्ष लागलं.

त्या दीड वर्षात आम्ही देणगीच्या पैशांतून डिझेल भरत होतो आणि 'इतके टन काच वाचवली' म्हणून फोटो टाकत होतो. शेवटी एका वायनरीच्या मॅनेजरनेच डोळे उघडले. त्याला मी चाचरत म्हटलं, "सर, पुढच्या महिन्यापासून क्रेटमागे तीस रुपये घ्यावे लागतील." तो हसला आणि म्हणाला, "ताई, तुमच्या आधी ट्रॅक्टरवाला यायचा, तो खेपेला बाराशे घ्यायचा आणि बाटल्या कुठल्या ओढ्यात टाकायचा देव जाणे. तुम्ही मागतच नव्हता म्हणून मी दिले नाहीत."

तेव्हापासून आम्ही क्रेटमागे तीस रुपये घेतो. दोन फेऱ्यांचे नव्वद क्रेट, म्हणजे सत्तावीसशे. काचेचे तीन हजार धरून सत्तावनशे. गाडी आणि माणसांचे छत्तीसशे, निवडणाऱ्या दोघींचे हजार, ट्रकभाडं साडेनऊशे वजा केले की दिवसाअखेर शे-दीडशे रुपये हातात उरतात. जागेचं भाडं त्यातून कसंबसं निघतं. हा काही धंदा नव्हे, पण थांबत नाही. देणगीदार कंटाळला तरी सोमवारी गाडी निघते.

शुल्क मागायची लाज वाटत असेल तर तुम्ही नेमकं काय देताय ते स्वतःशी स्पष्ट करा. हॉटेलला ठरल्या वेळी मोकळं झालेलं मागचं अंगण मिळतं. झाडणाऱ्या बाईच्या हातात काच घुसत नाही. घंटागाडीच्या ओल्या कचऱ्यात तुकडे जात नाहीत; ते गेले की पाथर्डीच्या खतप्रकल्पातून थेट कोणाच्या तरी शेतात पोचतात. आणि वायनरीला यापेक्षा मोठी एक गोष्ट मिळते: तिची बाटली अख्खी बाजारात फिरत नाही. लेबलासकट, झाकणासकट शाबूत बाटली बनावट माल भरणाऱ्याच्या फार उपयोगाची असते. म्हणून आम्ही त्यांना वजनाची पावती देतो आणि माल फोडल्याचं पत्र देतो. मोठ्या वायनरी त्या पत्रासाठीच पैसे देतात, असं म्हटलं तरी चालेल.

आता उलट्या टोकाने बघू. काच शेवटी घेणार कोण? काम गोळा करण्यापासून सुरू करू नका, घेणाऱ्यापासून मागे या. बाटलीची काच म्हणजे मुख्यतः वाळू, सोडा अ‍ॅश आणि चुनखडी, साधारण दीड हजार अंशांच्या भट्टीत वितळवलेली. जुनी काच, कारखान्यातली तिला कलेट म्हणतात, त्यात मिसळली की भट्टी कमी तापवावी लागते: कलेटचं प्रमाण दर १० टक्के वाढवलं की ऊर्जा अडीच-तीन टक्के वाचते. शिवाय सोडा अ‍ॅश आणि चुनखडीतून वितळताना कार्बन डायऑक्साइड उडून जातो, कलेटमधून तो आधीच गेलेला असतो. म्हणून एक टन कलेट सुमारे १.२ टन कच्च्या मालाची जागा घेतो. थोडक्यात, कारखान्यांना कलेट हवा असतो. मात्र तो स्वच्छ हवा, रंगाप्रमाणे वेगळा हवा, आणि ट्रकभर हवा. आपल्याकडे सिन्नरला बाटल्यांचा कारखाना आहे, गुजरातेत कोसंब्याला आहे, तिकडे उत्तरेत फिरोजाबाद तर काचेवरच जगतं. छोटे पुरवठादार बहुतेकदा थेट कारखान्याला न देता मधल्या व्यापाऱ्याला देतात. त्याला विचारायचे प्रश्न तीन: कोणता रंग किती भावाने घेता, किमान माल किती लागतो, आणि माल परत केलात तर भाडं कोणाच्या अंगावर.

तिसरा प्रश्न मी विचारला नव्हता. दुसऱ्या वर्षी आमचा पहिला स्वतंत्र ट्रक गेला, नऊ टन पांढरी, म्हणजे बिनरंगी पारदर्शक, काच. पोरांनी ट्रकसोबत फोटो काढले. कारखान्याच्या गेटवर माणूस घमेल्यात माल घेतो, पत्र्याच्या टेबलावर पसरतो आणि ट्यूबलाइटखाली हाताने चाळतो. नऊ वर्षं मी त्या टेबलाच्या पलीकडे उभी राहिलेय, त्यामुळे त्याचा हात थांबला तेव्हाच मला कळलं. चहाच्या कपाचा कान. पांढराशुभ्र, करंगळीएवढा. पुढच्या घमेल्यात बशीचे दोन तुकडे. कोणत्या तरी हॉटेलात कपबश्यांचा ट्रे पडला होता आणि वेटरने 'फुटलेलं ते फुटलेलं' म्हणून आमच्या क्रेटमध्ये लोटलं होतं. ट्रक परत आला. जायचं भाडं आमचं, यायचंही आमचं.

कारखाना इतका कडक का, हे तुमच्या वेटरलाही समजलं पाहिजे. काच वितळते त्या तापमानाला चिनी माती वितळत नाही. तो तुकडा नव्या बाटलीच्या भिंतीत खड्यासारखा अडकून बसतो. थंड होताना काच एका मापाने आकसते, खडा दुसऱ्या मापाने. बाटली तिथेच तडकते. कधी भट्टीबाहेर, कधी भरताना, कधी गिऱ्हाईकाच्या हातात. म्हणून टनामागे मोजके ग्रॅमच चालतात. कपबशी, ओपलच्या (दुधी काचेच्या) पांढऱ्या प्लेटा, ओव्हनमधली भांडी, आरसा, खिडकीची काच, बल्ब, सगळं बाद. वाइन ग्लाससुद्धा नको, कारण त्यात क्रिस्टल (शिसं घातलेली काच) कोणतं आणि साधं कोणतं हे मोरीवरचा मुलगा कसं ओळखणार? आम्ही एकच नियम शिकवतो: ज्या काचेला बूच किंवा झाकण लागतं तेवढीच क्रेटमध्ये टाकायची. हे वाक्य मराठीत आणि हिंदीत लिहून क्रेटच्या वर भिंतीला चिकटवलंय, शेजारी कपाचं चित्र आणि त्यावर फुली. कामगार बदलत राहतात, चित्र तिथेच राहतं.

झाकणाचंही सांगते. आता पुष्कळ वाइनला पिळाचं झाकण असतं. झाकण निघतं, पण त्याची अ‍ॅल्युमिनियमची कडी मानेला तशीच राहते. भट्टीत गेलेलं अ‍ॅल्युमिनियम काचेतल्या सिलिकामधून ऑक्सिजन ओढून घेतं आणि मागे सिलिकॉनचे बारीक काळे मणी सोडतं. ते मणी म्हणजे पुन्हा खडेच. आमच्या यार्डातल्या बायका पक्कडीने कडी काढतात. एकीने स्वतःच सायकलच्या स्पोकचा आकडा करून घेतलाय, तो पक्कडीपेक्षा भारी चालतो. काढलेलं अ‍ॅल्युमिनियम वेगळं विकलं जातं, ते पैसे त्यांचेच. कागदी लेबल आणि बुचाचा चुरा थोडाफार चालतो, तो जळून जातो. फार झाला तर रंगावर परिणाम होतो.

रंगांचं गणित वायनरीवाल्यांकडून काच घेताना विशेष लक्षात ठेवा. रेड वाइनची बाटली हिरवी, व्हाइटची कधी हिरवी कधी पांढरी, रोझेची पांढरी. बिअरची तपकिरी. पांढऱ्या काचेच्या भट्टीत हिरवी फार थोडी चालते, काच लगेच हिरवट दिसायला लागते. म्हणून पांढऱ्याला भाव बरा आणि हिरव्याला गिऱ्हाईक कमी, आणि तुमच्याकडे नेमकी हिरवीच जास्त येणार. हिरवी कोण घेतो हे कळेपर्यंत फक्त वायनरींवर विसंबून संस्था उभी करू नका. लोणच्या-जॅमच्या बरण्या, सॉसच्या बाटल्या, केटरिंगवाले, असे पांढऱ्या काचेचे स्रोत जोडीला घ्या. वायनरीत सर्वांत उत्तम माल बॉटलिंग लाइनवर फुटतो: कोरी, एकाच रंगाची, लेबल नसलेली काच. तिची वेगळी पेटी ठेवायला सांगा. टेस्टिंग रूममधल्या, म्हणजे वाइन चाखायला देतात तिथल्या, बाटल्यांत ती मिसळली की संपलं.

आता क्रशर. फोडलेली काच अख्ख्या बाटल्यांच्या तिप्पट-चौपट कमी जागेत मावते, हे खरं. पण आपल्या छोट्या गाडीची अडचण वजनाची आहे, जागेची नव्हे. यार्डात मात्र जागा वाचते आणि मोठा ट्रक पूर्ण वजनाने भरता येतो. म्हणून फोडायचं ते यार्डात, निवड झाल्यानंतर. हॉटेलच्या मागे मशीन ठेवलं तर कपबशीही त्यात जाईल, आणि चुरा झालेली चिनी माती कुठलीच बाई हाताने वेचू शकत नाही. आठवड्याला दोन-अडीच टन मालासाठी आम्ही अजून लोखंडी ड्रम आणि बोथट पहार वापरतो. वर जाड गोणपाट, पायात बूट, डोळ्यांना चष्मा, हातात मनगटाच्या वरपर्यंत येणारे हातमोजे. धनुर्वाताचं इंजेक्शन सगळ्यांना, ऑफिसात बसणाऱ्यांनाही. क्रशर घ्यायचा तर महिन्याला पंधरा-वीस टन माल नियमित यायला लागल्यावर.

बाटल्यांची वाळू करणारं मशीन तुम्ही व्हिडिओत पाहिलंय आणि ते डोक्यात आहे, हेही प्रश्नावरून दिसतं. तो अमेरिकेतला न्यू ऑर्लिन्सचा प्रयोग असणार. २०२० मध्ये तिथल्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या 'ग्लास हाफ फुल'ने काचेची वाळू करून लुइझियानाचा धुपणारा किनारा भरायला वापरली. सुंदर काम आहे, पण तिथे त्या वाळूची गरज किनाऱ्यालाच आहे. आपल्याकडे वाळू महाग म्हणून 'बांधकामाला विकू' हा विचार लगेच येतो. जाडसर काच काँक्रीटमध्ये घातली तर सिमेंटमधल्या अल्कलीशी तिची क्रिया होते, ती फुगते आणि काँक्रीट आतून तडकतं. अगदी पिठासारखी बारीक केली तर ती सिमेंटला मदत करते, पण तेवढं दळायला वीज आणि मशीन वेगळं लागतं, आणि मानकांप्रमाणे चाचणी करून न घेता कोणता कंत्राटदार ती वापरील? पेव्हर ब्लॉकवाल्या एकाशी आम्ही बोललो होतो. त्याने नमुना घेतला, चार महिन्यांनी गोणी तशीच परत दिली. शिवाय ज्या काचेची पुन्हा बाटली होऊ शकते तिची वाळू करणं मला तरी उधळपट्टी वाटते. जी हिरवी, मिश्र काच कोणीच घेत नाही, तिच्यासाठी पुढे विचार करा.

रोजच्या कामाचं थोडं. सुरुवातीला आम्ही दोनशे लिटरचे निळे ड्रम ठेवले होते. भरलेला ड्रम साठ किलोचा होतो, दोघांना उचलवत नाही, आणि रात्री एक वाजता त्यात बाटली टाकली की वरच्या मजल्यावरचे पाहुणे रिसेप्शनला फोन करतात. पिंपळगावच्या बाजारातून जुने टोमॅटो क्रेट घेतले आणि दोन्ही तक्रारी मिटल्या. भरलेला क्रेट उचलायचा, रिकामा ठेवायचा, पाच मिनिटांत पुढच्या ठिकाणी. फेरी सोमवारी आणि गुरुवारी सकाळी दहानंतर. हॉटेलवाले रात्री उशिरा झोपतात, आठला गेलात तर कुलूप दिसेल. डिसेंबर ते मार्च माल दुप्पट होतो: नाताळ, पर्यटक, वर द्राक्षतोडणीचा हंगाम. त्या दिवसांसाठी दुसरी गाडी भाड्याने ठरवून ठेवा, आणि फक्त त्या दिवसांचा माल बघून वर्षाचा अंदाज बांधू नका. पावसाळ्यात उघड्यावर उभ्या राहिलेल्या बाटल्यांत पाणी साचतं आणि डेंग्यूचे डास होतात. एका जुलैत महापालिकेची नोटीस आमच्याच यार्डावर लागली होती. तेव्हापासून पत्र्याची शेड, आणि क्रेटमध्ये बाटली आडवी किंवा तोंड खाली. तळाशी उरलेल्या वाइनवर चिलटं जमतात ती वेगळीच. टेस्टिंग रूमला सांगा, बाटली आधी मोरीत उपडी करून घ्या.

एक गोष्ट मात्र ठाम: भरलेली बाटली कधीच घ्यायची नाही. कालबाह्य झालेला माल, परत आलेली पेटी, 'तुम्हीच ओतून टाका ना' असं सांगणारे भेटतात. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ नुसार दारू बाळगायला आणि वाहून न्यायला परवाना लागतो. तुमच्या गाडीत सहा भरलेल्या बाटल्या सापडल्या तर 'आम्ही पर्यावरणाचं काम करतो' हे नाक्यावरचा हवालदार ऐकून घेणार नाही. तो माल उत्पादन शुल्क खात्याच्या देखरेखीखाली वायनरीने स्वतः नष्ट करायचा. रिकामी काच आली की पुढे आपण.

भंगारवाल्यांबद्दल तुमच्या प्रश्नात एक अक्षर नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. बिअरची ६५० मिलिची बाटली धुऊन पुन्हा भरली जाते आणि तिला नगावर भाव मिळतो. ती भंगारवाल्याची रोजी आहे. 'सगळी काच आमच्याकडेच' असा करार हॉटेलशी कराल तर त्याच्या पोटावर पाय द्याल, आणि तो शांत बसणार नाही. बसूही नये. आमच्या करारात बिअरच्या अख्ख्या बाटल्या वगळलेल्या आहेत. पुण्यातल्या कचरावेचकांची संघटना १९९३ पासून आहे, तिचं नावच 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत'. काच हे काम कोणाचं होतं हे त्या नावात आलंच. आमच्या यार्डातल्या पाचपैकी चार बायका पूर्वी उकिरड्यावर काच वेचायच्या. रंग ओळखायला त्यांना ट्यूबलाइट लागत नाही. तुमच्या भागातल्या दोन-तीन भंगारवाल्यांना आधी भेटा, चहा प्या, विचारा की काच आम्ही उचलली तर चालेल का. त्यांच्यापैकीच एकजण तुमचा पहिला खरेदीदार निघेल, बहुतेक.

वाइनच्या बाटल्याही धुऊन पुन्हा वापरता येतील का, हा प्रश्न तुम्हाला कोणीतरी विचारणारच. तत्त्वतः वितळवण्यापेक्षा धुणं केव्हाही बरं. अडचण अशी की प्रत्येक वायनरीचा साचा वेगळा, स्टिकरचा गोंद कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यालाही लवकर दाद देत नाही, आणि मानेवर बारीक टवका असेल तर बूच मारताना बाटली फुटते. एका छोट्या वायनरीसाठी, तिच्याच टेस्टिंग रूममधल्या तिच्याच बाटल्या, एवढ्यापुरतं आम्ही करून पाहिलं. जमलं, पण तिथल्या मालकाला हौस होती म्हणून.

कागदपत्रांचं पटकन. ट्रस्ट म्हणून धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी करायची की कंपनी कायद्याच्या कलम ८ ची ना-नफा कंपनी काढायची, हे तुम्ही किती जण आहात आणि पैसा कुठून येणार यावर ठरेल. वायनरी-हॉटेलांना बिल द्यायचं, करार करायचे, तर मला कंपनी सोयीची वाटते. स्थानिक देणग्यांवर चालवायचं तर ट्रस्ट. काच विकून आणि शुल्क घेऊन आलेलं उत्पन्न हे संस्थेच्या उद्देशाला धरून आहे हे घटनेत स्पष्ट लिहा, त्याचे हिशेब वेगळे ठेवा, आणि ना-नफा संस्थांचं काम करणाराच सीए गाठा, शेजारचा नको. जीएसटीचंही त्यालाच विचारा. विक्री आणि सेवा दोन्ही आलं की नोंदणीची मर्यादा बदलते. कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा) निधी शेड, वजनकाटा, गाडी यांसाठी मिळतो. डिझेलसाठी कोणी देत नाही. आणि बहुतेक वायनरी सीएसआर लागू होण्याइतक्या मोठ्या नसतात, त्यामुळे 'त्यांच्याकडून निधी, शुल्क नको' हा बेत करू नका.

प्रत्येक फेरीचं वजन, ठिकाण आणि रंग पहिल्या दिवसापासून वहीत लिहा, भुईकाट्याच्या पावत्या फाइल करा. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्राने कागद, काच आणि धातूच्या वेष्टनांबद्दल उत्पादकांवर जबाबदारी टाकणाऱ्या नियमांचा मसुदा काढला. तमिळनाडूत २०२२ पासून, आधी निलगिरीत, सरकारी दुकानातून घेतलेल्या दारूच्या बाटलीवर दहा रुपये जास्त घेऊन रिकामी परत केली की ते परत देतात. उद्या आपल्याकडे असं काही आलं तर ज्याच्याकडे चार वर्षांच्या पावत्या आहेत त्याला विचारणा होईल. मात्र त्या आशेवर आज गाडी घेऊ नका.

माझं सगळं नाशिकच्या अनुभवावर आहे. निफाड-विंचूरकडे वायनरींमधलं अंतर वाढतं, तिथे फेरीचा खर्च बदलेल. तुमचं यार्ड शहरात आहे की दिंडोरी रोडला, भाडं किती, यावर शे-दीडशेचे वजा शे-दीडशे होऊ शकतात. म्हणून सहा लाख बँकेतच राहू द्या. वीस जुने क्रेट आणि एक तानकाटा घ्या, गाडी दिवसाच्या भाड्याने सांगा. येणारे चार सोमवार त्या दोन वायनरी आणि तीन रिसॉर्टच्या मागच्या अंगणात स्वतः जा. बाटल्या मोजा, रंग वेगळे करा, वजन लिहा, किती कप सापडले तेही लिहा. चौथ्या सोमवारी प्रत्येकाला क्रेटमागे तीस रुपये मागा आणि कोण काय म्हणालं ते त्याच वहीत टिपा. त्या वहीची पानं मला पाठवा, मग क्रशरबद्दल बोलू.